पार्टी कुठली?

नावड्यातून बोलतोय. पनवेल-दिवा लाइनवरचं नावडे रोड स्टेशन माहीत असेल तर बरं. नसेल तर तळोजा एमआयडीसीच्या दिशेने या, वासावरून सापडतं.

मागच्या भागानंतर बऱ्याच पोरांनी विचारलं, "काका, तुम्ही हळदीत नकला करायचे, आता का नाही करत?" आणि एकाने लिहिलं, "काका, तुम्ही नक्की कुठल्या पार्टीचे?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून आजचा भाग. ज्यांना चाळीस मिनिटं ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी पुतण्याने हे लिहून काढलंय. "अं", "काय म्हणत होतो" आणि खोकला त्याने काढून टाकलाय. विनोद ठेवलेत, असं तो म्हणतो.

एक शब्द, चार कामं

पार्टी हा शब्द आपल्याकडे किती राबतो बघा. खाणंपिणं, नाचणं म्हणजे पार्टी. झेंडा लावलेली गाडी आली की तीपण पार्टी. प्लॉटला गिऱ्हाईक आलं की एजंट फोनवर सांगतो, "पार्टी घेऊन येतोय." आणि बेंजो वाजवणारे आठ-दहा जण टेम्पोतून उतरले की लोक म्हणतात, "चला, पार्टी आली." वर गावात भांडण झालं तरी तोच शब्द. "दोन पार्ट्या पडल्यात."

माझं वय त्रेसष्ट. यातली एजंटवाली पार्टी सोडली तर बाकी सगळ्यांत आयुष्य गेलं. दिवसा तळोज्याच्या एका कंपनीत शिफ्ट आणि रात्री हळद. जे बाहेरून आलेत त्यांना सांगतो, आगरी माणसाकडे लग्नापेक्षा हळद मोठी. धवलारीण धवले गाते, नवऱ्याला हळद लागते, मग जेवणं, मग बेंजो, आणि मध्ये वाजवणाऱ्यांना श्वास घ्यायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं माझी. माईक घ्यायचा, नवऱ्याच्या मामाची नक्कल, सरपंचाची नक्कल, दादा कोंडक्यांचा आवाज, निळू फुल्यांचा आवाज आणि शेवटी एखादा पुढारी. चाळीस वर्षं हेच केलं. पैसे फार नाही मिळाले. मटण मात्र भरपूर.

पडणारा माणूस म्हातारा होतो तेव्हा

पहिला प्रश्न घेतो, वयाचा. विनोदवीर म्हातारा होतो म्हणजे नक्की काय होतं?

आधी गुडघा जातो. तरुणपणी मी पडून हसवायचो. दारुड्या करायचा, खुर्चीवरून घसरायचं, उठताना पुन्हा पडायचं. मंडप कोसळायचा. आता पडलो तर लोक धावत येतात आणि कोणीतरी गाडी काढतो. विनोद तोच आहे, पण बघणाऱ्याच्या मनात आधी काळजी येते. आणि काळजी आली की हसू आलंच नाही समजा.

मग श्वास. नक्कल म्हणजे नुसता आवाज नसतो, दुसऱ्या माणसाचा श्वास असतो. कोण वाक्याच्या मध्ये थांबतो, कोण शेवटचा शब्द गिळतो, कोण दम लागला तरी बोलत राहतो. ते धरायला स्वतःच्या छातीत हवा लागते.

पण एक गोष्ट वाढते, ती म्हणजे थांबणं. विनोदाचे तीन भाग असतात. आधी माणसाला एका रस्त्याने न्यायचं, मग जरासं थांबायचं, मग वळण द्यायचं. तरुण माणूस मधलं थांबणं उरकून टाकतो, त्याला भीती असते की लोक कंटाळतील. म्हाताऱ्याला ती भीती राहत नाही. अशोक सराफ यांचा जन्म १९४७चा. सत्तरी ओलांडल्यावर ते 'व्हॅक्यूम क्लीनर' नाटकात रंगमंचावर उभे राहत होते. त्यांच्या जुन्या सिनेमांतली धावपळ आठवा आणि मग त्यांचं आताचं काम बघा. पूर्वी जे काम अख्खं अंग करायचं ते आता एक भुवई आणि दोन सेकंदांची शांतता करते. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात असं वाजवलं जणू घरचंच कोणीतरी दहावी पास झालं.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजू. १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी'त त्यांच्याबरोबर लक्ष्मीकांत बेर्डे होते. लक्ष्या २००४च्या डिसेंबरमध्ये गेला, अवघ्या पन्नाशीत. त्यामुळे आपल्यासाठी तो कधी म्हातारा झालाच नाही. दादा कोंडके १९९८ साली पासष्टाव्या वर्षी गेले. मी दोन वर्षांनी त्या वयाचा होईन. म्हातारा विनोदवीर बघायला मिळणं ही काही आपोआप होणारी गोष्ट नाही. म्हणून गुडघ्याबद्दल कुरकुर करताना मी जरा जपून करतो.

सोंगाड्याला माफी कशी मिळायची

आता दुसरा प्रश्न. पार्टी कुठली?

याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल, तमाशात. तमाशा कसा उलगडतो? आधी गण, मग गौळण, मग बतावणी, मग वग. गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या असतो, लुगडं नेसलेला पुरुष मावशी झालेला असतो. आणि बतावणीत आणि वगात सोंगाड्या. हा सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलाला चिमटे काढायचा, सावकाराला काढायचा, राजावर, दरबारावर बोलायचा. ज्या माणसाच्या वाड्यावर दिवसा चप्पल काढून उभं राहायचं त्याच माणसाची रात्री खिल्ली उडवायची. आणि तो पाटील हसून वर दौलतजादा करायचा.

ही माफी कुठून यायची? मला त्याची तीन कारणं दिसतात.

पहिलं, सोंगाड्या आधी स्वतः मूर्ख व्हायचा. फाटका, भित्रा, खादाड, बायकोला घाबरणारा. स्वतःची इज्जत तो दारातच ठेवून यायचा, म्हणून दुसऱ्याच्या इज्जतीला हात लावायची त्याला मुभा मिळायची.

दुसरं, ज्याची थट्टा तो समोर बसलेला असायचा. सोंगाड्याला त्याचा चेहरा दिसायचा. पाटलाच्या कपाळाला आठी पडली की गाडी वळवायची, तो हसला की आणखी एक ठेवून द्यायचा. म्हणजे किती चिमटा काढायचा हे दोघं मिळून ठरवत होते.

तिसरं, रात्र संपली की विनोद संपला. सकाळी राहुट्या उठल्या, बैलगाड्या निघाल्या. शब्द तिथेच राहिले.

हे तीनही मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' ह्याच परंपरेतलं. त्यात दादा कोंडके हवालदार. हा हवालदार बावळट, पण राजा, प्रधान, कोतवाल सगळी सत्ता त्याच्या बावळटपणातून उघडी पडते. आणि दादा दर प्रयोगाला त्या दिवसाच्या बातम्यांवर आयत्या वेळी बोलायचे. त्यामुळे लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला जायचे. दीड हजारांच्या वर प्रयोग झाले. हवालदार शहाणा असता तर नाटक भाषण झालं असतं आणि तीस प्रयोगांत बंद पडलं असतं.

विनोदवीराने बाजू घ्यावी का?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे विनोदवीराने सगळ्यांना गोड वाटेल असंच बोलावं का? मग तो आणि वाढप्या यांत फरक काय?

नाही. आपल्याकडच्या दोन मोठ्या माणसांनी उघड बाजू घेतली होती. दादांचं घ्या. १९७१ साली 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूर थिएटरात लागायचा होता, आणि त्याच्या जागी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटत होतं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरपुढे जमले, 'सोंगाड्या' लागला. पुढे दादा शिवसेनेच्या व्यासपीठावरून बोललेही. कोणापासून लपवलं नाही. आणि तरी काँग्रेसवाले, शेकापवाले, सगळे त्यांचा सिनेमा बघायला रांगेत. आमच्या रायगडात तर शेकापचा बालेकिल्ला होता, लाल बावटा घरावर आणि दादांचं कॅलेंडर घरात.

पु. ल. देशपांड्यांचा रस्ता वेगळा. आणीबाणीनंतर १९७७च्या निवडणुकीत पुलं जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले. सभांना तुफान गर्दी. निवडणूक जिंकली आणि पुलं राजकारणातून बाहेर पडले, पद नाही, काही नाही. मग १९९६ साली त्यांना पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला, युतीचं सरकार होतं तेव्हा. तो स्वीकारताना त्यांनी सत्तेतल्या मंडळींच्या दमदाटीच्या भाषेबद्दल दुःख बोलून दाखवलं. त्यावर बाळासाहेब भडकले आणि पुलंच्या नावावरच कोटी करून त्यांनी जाहीर टीका केली.

आता यात गंमत काय? बाळासाहेब स्वतः व्यंगचित्रकार. दादरच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये पुलं शिकवत होते तेव्हा बाळासाहेब तिथले विद्यार्थी. म्हणजे गुरू विनोदी, चेला विनोदी, आणि त्या दिवशी दोघांनाही हसू आलं नाही.

यातून मी माझ्यापुरतं काय शिकलो सांगतो. दादांनी सोंग घेतलं तेव्हा पूर्ण सोंग घेतलं. पुलंना गंभीर बोलायचं होतं तेव्हा त्यांनी विनोदाची आड न घेता सरळ, स्वतःच्या नावाने, समोर उभं राहून सांगितलं. विनोद करून झाल्यावर "अहो, मी गंमत केली" म्हणत पळून जाणं दोघांनीही केलं नाही. ते पळून जाणं मी केलंय. ते आता सांगतो.

बावीस सेकंद

२०२२च्या जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली, २०२३च्या जुलैमध्ये राष्ट्रवादीत. तुम्हाला त्या बातम्या होत्या, मला धंद्याची अडचण होती. आधी कसं, एक आवाज काढला की एक पार्टी. आता तोच आवाज काढला की अर्धा मंडप टाळ्या वाजवणार आणि अर्धा विचारणार, "म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूने?" एकाच नावाच्या दोन पार्ट्या, दोन चिन्हं, आणि एकाच घरात दोन भाऊ दोन्हीकडे. त्यात राज ठाकरे सभेत स्वतःच नकला करतात. आमच्या पोटावर पाय. (पुतण्या हसतोय. तो कुठल्या पार्टीचा आहे ते आता कळलं.)

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान झालं, २३ला निकाल. त्यानंतर आठवड्याभरात शेजारच्या गावात एक हळद होती. मी माईक घेतला. पहिली तीन मिनिटं स्वतःवर. म्हातारा मतदार मशीनसमोर उभा आहे, चष्मा विसरलाय, चिन्ह ओळखू येत नाही, आतून ओरडतोय, "ओ बाई, यातली आपली कंची?" लोक लोळत होते. त्याच ओघात मी एका हरलेल्या उमेदवाराची नक्कल केली. तो हरल्यावर कार्यकर्त्यांना फोन करतोय आणि कोणी उचलत नाही. बावीस सेकंद असेल.

कोणीतरी तेवढीच बावीस सेकंदं कापली. तीन मिनिटांचा मूर्ख म्हातारा गायब. खाली लिहिलं, "बघा आपल्याच गावातली माणसं." सकाळी सातपर्यंत ती क्लिप पाच गावं फिरून माझ्याच मोबाइलवर परत आली.

आमचा ढोलकीवाला. तीस वर्षं माझ्याबरोबर. मी वाक्य संपवायचो आणि तो थाप द्यायचा. ती थाप कधी द्यायची हे मी त्याला कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. त्या रात्री तो नव्हता. का नव्हता, तर त्याचा मुलगा दोन महिने त्याच उमेदवाराच्या प्रचारात राबला होता. पायाला फोड येईपर्यंत फिरला होता. त्या घरात सुतक असल्यासारखी शांतता होती आणि तिथे ती क्लिप पोचली. मी पुढाऱ्याला हसत होतो. त्या घरात असं दिसलं की मी त्या पोराला हसतोय, ज्याचा फोन कोणी उचलत नाही.

मी फोन केला. म्हटलं, "अरे दादूस, गंमत होती." तो म्हणाला, "माजे घरान कोन हसला नाय," आणि ठेवला. दुपारी कलामंडळाच्या ग्रुपवर ओळ आली, अमुक अमुक यांनी ग्रुप सोडला.

सोंगाड्याची तीन कारणं आठवतायत ना? मोबाइलने तिन्ही काढून घेतली. मी आधी मूर्ख झालो होतो तो भाग कापला गेला. ज्याला लागलं त्याचा चेहरा मला दिसला नाही. आणि सकाळ झाली तरी विनोद संपला नाही. २०२५च्या मार्चमध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅटमध्ये काय झालं आठवा. कुणाल कामराचा प्रयोग कधीच होऊन गेला होता, बघणारे हसून घरी गेले होते. एकनाथ शिंद्यांवरच्या त्या गाण्याचा व्हिडिओ नेटवर आला आणि मग शिंद्यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते तिथे शिरले, तोडफोड झाली. ज्या खोलीत विनोद झाला तिथे कोणी खुर्ची उचलली नव्हती. तोडफोडीचं समर्थन मी अजिबात करत नाही, कोणावर विनोद झाला म्हणून कोणाचं सामान फोडायचा हक्क मिळत नाही. पण विनोद मंडपाबाहेर गेला की त्याचा आरोप होतो, हे मी खारला न जाताच शिकलो होतो.

थाप

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सगळे बघायला आले, तो आला नाही. मी स्टेज सोडल्याचं जाहीर केलं, कारण गुडघा सांगितला. खरं कारण आज सांगितलं.

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतणीची हळद होती. नातं असं की त्याला येणं भाग होतं. आला, आणि बेंजोवाल्यांचा ढोलकीवाला जेवायला गेला होता म्हणून पोरांनी त्याला बसवला. मला कोणीतरी माईक दिला. मी काठी टेकत उभा राहिलो. चेहरा त्याच्याकडे नव्हता, पण मला तो दिसत होता.

आधी माझीच नक्कल केली. ऑपरेशननंतर कमोडवरून उठणारा म्हातारा. मग म्हटलं, "आता आमच्या ग्रुपमधून एक माणूस कसा बाहेर पडला ते दाखवतो." मंडप गप्प. सगळ्यांना माहीत होतं. मी त्याचा चष्मा शोधायला लागलो, जो कपाळावरच होता. एक बोट लांब करून मोबाइल दाबला. पहिल्यांदा चुकून सगळ्यांना गुड मॉर्निंगचा गुलाब गेला. दुसऱ्यांदा चुकून सगळ्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लागला. मग बायकोला हाक, "अगो, यातून बाहेर कसा पडाचा?" आणि मग मी थांबलो. म्हातारा थांबतो तसा थांबलो. आणि सरळ म्हटलं, "आणि चूक माझी होती. त्याच्या पोराची मेहनत मला दिसायला पाहिजे होती." हे विनोदात नाही म्हटलं.

खूप वेळ काही झालं नाही. मग ढोलकीवर एक थाप पडली. एकच. बरोबर जागेवर.

ग्रुपवर तो अजून परत आलेला नाही. त्याचा मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. पण हळदीला ढोलकीवाला येतो आणि माझ्या शेजारी जेवायला बसतो. मत तो त्याचंच देतो, मी माझं.

आमच्याकडे हे नवीन नाही. १९८४च्या जानेवारीत सिडकोविरुद्धच्या जमीन आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. तेव्हा कोणी विचारलं नाही, कुठल्या झेंड्याचा. २०२१च्या २४ जूनला दि. बा. पाटलांचं नाव विमानतळाला मिळावं म्हणून सिडको भवनावर माणसं गेली, तीही वेगवेगळ्या पार्ट्यांची. निवडणुकीत भांडणारी ही माणसं एरवी एकाच मांडवात जेवतात. तो मांडव टिकला पाहिजे, एवढंच माझं राजकारण.

म्हणून त्या पोराला उत्तर. मी कुठल्या पार्टीचा? मतदान गुप्त असतं बाळा. पण आता नियम केलाय. ज्याची नक्कल करायची तो मंडपात हजर पाहिजे. आधी मी मूर्ख, मग तो. आणि खरंच कोणाला सुनवायचं असेल तर नक्कल नाही करायची, नाव घेऊन सरळ बोलायचं, पुलंसारखं. शूटिंग करायचं तर सगळं करा, तीन मिनिटांसकट. बावीस सेकंद कापणाऱ्याला माझ्या हळदीत मटण नाही.

पुढच्या भागात ढोलकीवाल्याला बोलवायचा विचार आहे. येईल की नाही सांगता येत नाही. आला तर तो बोलेल आणि थाप मी देईन.

चला, गुडघ्याच्या गोळीची वेळ झाली.